गालातली गोळी

मास्तर उभं आयुष्य लोकांना गाडी शिकवत आले होते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखालच्या जादा ब्रेकवर बूट टेकवून ठेवायचा आणि समोरून कितीही मोठा ट्रक आला तरी झोप आल्यासारख्या आवाजात म्हणायचं, "घाबरू नका, मी आहे ना." एवढ्या वर्षांत त्यांची छाती कधी धडधडली नव्हती. धडधडायला लागली ती साठी उलटल्यावर, आणि तीही घरी खुर्चीत बसल्या जागी.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून पाहिली. "ठोके अनियमित आहेत. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकसत नाही, नुसता थरथरतो. तिथे रक्त साचून राहतं, आणि साचलं की गुठळी होते. ती सुटली आणि मेंदूत जाऊन अडकली, की लकवा. म्हणून तुम्हाला आता कायमची रक्त पातळ ठेवणारी गोळी."

लकवा ऐकून मास्तर घाबरलेच, पण जास्त घाबरले ते पुढचे शब्द ऐकून. रक्त पातळ. त्यांचे थोरले भाऊ अशीच एक गोळी घ्यायचे. एकदा न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं डोकं नळावर आपटलं. साधं खरचटलंही नाही. हसत बाहेर आले, चहा प्यायले, "जरा डोकं जड झालंय" म्हणून आडवे झाले. त्यानंतर ते उठले नाहीत. आतल्या आत रक्त वाहत राहिलं आणि शेजारी पेपर वाचत बसलेल्या मास्तरांना पत्ताही लागला नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की असं फार क्वचित होतं. ज्याच्या भावाला झालं त्याला 'क्वचित' या शब्दाचा काय उपयोग?

त्याच इस्पितळात तेव्हा एक संशोधन चालू होतं. रक्त पातळ करणारी जुनी गोळी आणि एक नवी गोळी, यांतली लकव्यापासून कोणती जास्त वाचवते आणि कोणत्या गोळीने रक्तस्राव कमी होतो, हे बघायचं होतं. कोणाला कोणती मिळते हे रुग्णालाही ठाऊक नसे आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. मास्तर काही तयार नव्हते. पण त्यांच्या बायकोने संशोधनातल्या सिस्टरांना दहा प्रश्न विचारले आणि घरी येऊन निकाल दिला. "तिथे निदान फोन करून विचारपूस करणारं कोणीतरी असेल. तुमच्यावर सोडलं तर तुम्ही गोळी खाणार नाही, मला माहितीये तुम्ही कसे आहात ते."

सुरुवातीला त्यांनी इमानेइतबारे खाल्ली. मग एका सकाळी दात घासताना हिरडीतून रक्त आलं. थोडंसंच. पण पांढऱ्या बेसिनमध्ये ती गुलाबी धार गोल फिरत जाळीत उतरताना त्यांनी पाहिली. नळ तसाच चालू ठेवून ते किती तरी वेळ आरशात तोंड उघडून उभे राहिले. आत, दिसत नाही तिथे, काय चाललं असेल?

दुसऱ्या दिवसापासून गोळी गालात राहू लागली. बायको सकाळी हातात गोळी आणि पाण्याचा पेला द्यायची आणि समोर उभी राहायची. मास्तर गोळी तोंडात टाकत, जिभेने ती गाल आणि दाढेच्या मध्ये सारत, पाणी पीत, गळ्याची घाटी नीट वरखाली करत, "निघालो गं" म्हणून जिना उतरत. गाडीत बसलं की कागदी रुमालात थुंकून तो रुमाल दाराच्या खणात कोंबत. खण भरला की रस्त्यातल्या एखाद्या कचरापेटीत रिकामा. सिस्टरांना परत द्यायची पाकिटं महिन्याच्या महिन्याला रिकामी निघायची. त्या म्हणायच्या, "शाब्बास काका. तुमच्यासारखे सगळे असते तर!"

मास्तरांना वाटलं होतं, गोळी सुटली की भीती सुटेल. भीतीने फक्त बाजू बदलली. आता सिग्नलला गाडी थांबली की त्यांची दोन बोटं आपोआप मनगटावर जात. ठक, ठक, मग बराच वेळ काहीच नाही, मग घाईघाईने तीन. कुठेतरी आत ती साचत असेल, लहानशी, डाळीच्या दाण्याएवढी. पुन्हा गोळी सुरू करावी असं त्यांना रोज वाटे. रोज सकाळी पेला हातात आला की भावाचा तो चहा पिणारा चेहरा समोर यायचा, आणि गोळी गालात जायची.

हे एकाच माणसाला माहीत होतं. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एक बाई रोज सकाळी पहिल्या शिकवणीला यायच्या. त्यांचे यजमान गेल्यापासून गाडी घरी धूळ खात उभी होती, ती विकायला मन होईना म्हणून त्या शिकत होत्या. भित्र्या म्हणजे इतक्या, की समोरून सायकल आली तरी डोळे मिटायच्या. परीक्षेत दोनदा नापास झालेल्या. एकदा त्या लवकर आल्या आणि मास्तरांना थुंकताना त्यांनी पाहिलं.

"काय हो मास्तर ते?"

"पेपरमिंट."

"पेपरमिंट कोणी थुंकतं होय?"

गाडीत शेजारी शेजारी, दोघांची तोंडं समोरच्या रस्त्याकडे असली की माणूस जे घरात बोलत नाही ते बोलून जातो. मास्तरांनी भावाचं सगळं सांगितलं, आणि वर म्हणाले, "आमच्या हिच्याशी कधी भेट झालीच, तर यातलं अवाक्षर नको."

बाईंनी आरसा नीट केला. मग म्हणाल्या, "बरं. मी कोण सांगणारी? पण मला हे काही बरं वाटत नाही हं, मास्तर."

मग एका सकाळी बाईंना यायला उशीर झाला. मास्तर आधीच गाडीत बसलेले होते. चढावरच्या सिग्नलला गाडी थांबली, मागे गाड्यांची रांग लागली. चढावर गाडी उठवायची म्हटलं की बाईंच्या तोंडचं पाणी पळायचं.

"हळूहळू चमचा सोडा," मास्तर म्हणाले.

बाईंना हसू आलं. "काय सोडू?"

मास्तरांना क्लच म्हणायचं होतं. डोक्यात शब्द लख्ख होता, त्याची अक्षरंसुद्धा दिसत होती. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. "चमचा," ते म्हणाले. "च... चमचा."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. घाबरलेल्या बाईंचा ब्रेकवरचा पाय सुटला आणि गाडी मागे घरंगळू लागली. मास्तरांनी आपल्या ब्रेकवर पाय दाबला. म्हणजे त्यांनी मनाने दाबला. पाय होता तिथेच होता. खाली पाहिलं तर बूट पेडलच्या बाजूला कलंडून पडला होता, जणू दुसऱ्याच कोणाचा. उजवा हात मांडीवरून घसरून लोंबत होता.

आलीच. एवढा एकच विचार त्यांच्या मनात आला. सुटली ती.

बाईंनी किंचाळत हातब्रेक ओढला. गाडी हिसका देऊन थांबली. मग त्यांनी वळून पाहिलं. मास्तरांच्या ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता आणि त्यातून लाळ येत होती.

"मास्तर? अहो मास्तर!"

"चमचा," मास्तर म्हणाले.

बाईंना वाटलं, फोन काढावा, मदत बोलवावी. पण मागे पुढे गाड्याच गाड्या, त्यांतून रुग्णवाहिका येणार कधी? इस्पितळ याच रस्त्याला, चढ ओलांडून सरळ खाली होतं. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं आणि मास्तरांचीच वाक्यं मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. "क्लच दाबा. पहिला टाका. आरसा बघा. अर्ध्यावर आणा, थरथर जाणवली की हातब्रेक सोडा. घाबरू नका, मी आहे ना. घाबरू नका..." ते म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा उठली. मास्तर तिरपे होऊन काचेला टेकले होते आणि सगळं बघत होते. एक बस अगदी खेटून गेली. दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकायला हवा होता, इंजिन रडत होतं, आणि त्यांना ते सांगता येत नव्हतं. चाळीस वर्षं ज्या तोंडाने पोट भरलं त्या तोंडात एकच शब्द उरला होता, आणि तोही चुकीचा.

इस्पितळात सगळं भराभर झालं. चाकांची खाट, वरून सरकत जाणारे दिवे, मेंदूचा फोटो काढणारं गोल यंत्र. मग पडद्याआडची एक खोली आणि एक तरुण डॉक्टरीणबाई, त्यांचे केस एका पेनने वर खोचलेले. मास्तरांची बायको धापा टाकत आली, चपला दोन वेगवेगळ्या घालून.

"रक्तस्राव नाहीये, हे चांगलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुठळी अडकली आहे, पण अशा बारीक फांदीत, की तार घालून ओढून काढता येणार नाही. ती विरघळवणारं इंजेक्शन असतं. ते लवकर द्यायला हवं; जितका उशीर तितका मेंदू मरत जातो. पण काका आपल्या संशोधनात आहेत. रक्त पातळ करणारी गोळी घेतात ना?"

"रोज," बायको म्हणाली. रडतानाही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. "एक दिवस चुकवलेली नाही. रोज सकाळी माझ्यासमोर. आजसुद्धा."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. "मग अवघड आहे. आधीच पातळ असलेल्या रक्तात हे इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. जुनी गोळी असेल तर तपासणीत लगेच कळेल, पण नवी असेल तर आमच्या साध्या तपासणीत ती धड दिसतही नाही."

मास्तरांना अक्षर न् अक्षर समजत होतं. नाही घेतली मी! महिनोन् महिने नाही घेतली! ते आतून ओरडत होते. "चमचा," ते म्हणाले. "चमचा! चमचा!"

"चमचा हवाय का हो?" बायको वाकून विचारू लागली. "पाणी देऊ का चमच्याने?"

त्यांनी मान हलवली. डावा हात तोंडाकडे नेला, गालात बोट घातलं, बोट बाहेर काढून थुंकल्यासारखं केलं. पुन्हा केलं. "उलटी होतेय त्यांना," कोणीतरी म्हणालं, आणि एका नर्सने हनुवटीखाली स्टीलचं भांडं धरलं. मास्तरांनी त्या भांड्याला हाताने फटकारलं. ते खणखणत जमिनीवर गेलं.

"शांत व्हा काका, शांत," डॉक्टरीणबाई त्यांचा खांदा धरून म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. संशोधनातल्या सिस्टरही धावत आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "यांची सगळी पाकिटं रिकामी परत येतात. कोणती गोळी हे फोन करून उघड करता येईल, पण दोन्ही रक्त पातळ करणाऱ्याच."

आपण पडून पडून असेच संपणार, आणि हे सगळे चांगले लोक आपल्याच खोटेपणावर विश्वास ठेवून बघत राहणार, हे मास्तरांना कळून चुकलं. इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पडद्याच्या पलीकडे चष्मेवाल्या बाई बाकावर बसल्या होत्या. मास्तरांचा फोन आणि गाडीची किल्ली त्यांच्या मांडीवर होती. आतलं सगळं त्यांच्या कानावर पडत होतं. त्या उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. कोणाच्या संसारातली गोष्ट. त्यात बायको समोर. शेवटी त्यांनी पडदा बाजूला केला.

"ते गोळी घेत नाहीत," त्या म्हणाल्या.

सगळे वळले. "आपण कोण?" बायकोने विचारलं.

"मी त्यांच्याकडे गाडी शिकते. ते गोळी गालात ठेवतात आणि गाडीत येऊन थुंकतात. रोज. मी पाहिलंय."

"काहीतरीच काय बोलताय!" बायको म्हणाली. "मी समोर उभी असते."

डॉक्टरीणबाई बाईंच्या अगदी जवळ आल्या. "आज पाहिलंत का थुंकताना? नीट आठवून सांगा. तुमची चूक झाली तर माझ्या हाताने यांचा जीव जाईल."

बाईंनी सकाळ आठवून पाहिली. आज त्यांना उशीर झाला होता. आज त्यांनी पाहिलं नव्हतं. "आज... नाही," त्या म्हणाल्या, आणि मग किल्ली घट्ट धरून त्या धावतच सुटल्या.

परत आल्या तेव्हा ओंजळीत चुरगळलेले कागदी रुमाल होते. त्यांनी ते खाटेच्या कडेला ठेवले. डॉक्टरीणबाईंनी हातमोज्याच्या बोटांनी एकेक उलगडला. प्रत्येकात एक गोळी, वाळून रुमालाला चिकटलेली. वरच्या रुमालातली मात्र अजून ओलसर होती, रंग सुटून कागदावर पिवळा डाग पडलेला. सिस्टरांनी ती पाहिली आणि मान डोलावली. आमचीच आहे.

बायको नवऱ्याकडे बघत होती.

"खरं आहे का हो?"

मास्तरांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं.

डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यात जाऊन मोठ्या डॉक्टरांना फोन केला, तोवर रक्ताचा निकालही आला. त्यात पातळपणा दिसत नव्हता. त्या परत आल्या. "मी इंजेक्शन द्यावं असं आमचं मत आहे. पण धोका आहेच. गोळी नसतानाही काही जणांना यातून रक्तस्राव होतो. तुम्ही हो म्हणायला हवं."

बायकोने खाटेचा लोखंडी दांडा धरला. थोरले दीर गेले तेव्हा ती त्या घरात होती. चहाचा कप तिनेच दिला होता. "द्या," ती म्हणाली.

आणि मग मास्तरांना कळलं, की ज्याच्यापासून पळत होतो ते आता थेट शिरेत येणार. गोळीपेक्षा कितीतरी जहाल. पारदर्शक नळीतून औषध उतरताना दिसत होतं. ओरडून नको म्हणावं असं त्यांना वाटलं. पण नको हा शब्द त्यांच्याजवळ नव्हता.

नर्स थोड्या थोड्या वेळाने यायची. हात उचला. हसून दाखवा. डोळ्यात बॅटरी. मास्तर छताकडे बघत आपल्या डोक्याच्या आत कान लावून पडले होते. एकदा त्यांना वाटलं, डोकं जड झालंय. खरंच झालंय, की भीतीने वाटतंय? त्यांनी डाव्या हाताने कपाळ धरलं. नर्सने क्षणात नळी बंद केली, हाक मारली, आणि खाट पुन्हा त्या गोल यंत्राकडे धावू लागली. बायको बाजूने पळत होती. यंत्राच्या आत, त्या घरघराटात, आपणही भावासारखेच मरणार, असं मास्तर धरून चालले.

"काही नाही," डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "रक्त नाहीये कुठे. सुरू करा परत."

दुपार कलली तेव्हा चादरीवर मास्तरांच्या उजव्या हाताचं मधलं बोट हललं. त्यांनी स्वतः हलवलं नव्हतं असं त्यांना वाटलं, म्हणून पुन्हा हलवून पाहिलं. ते हललं. बायकोने ते पाहिलं. तिने हात हातात घेतला नाही. ती खिडकीकडे तोंड करून हुंदके देत राहिली.

मास्तर वाचले, पण पूर्णपणे परत आले नाहीत. पाय आला, हात बराचसा आला. बोलणं अडखळत आलं. नेहमीचे शब्द ऐन वेळी दडी मारायचे आणि ते शोधताना मास्तरांचा चेहरा लाल व्हायचा. गाडीत शिकवणाऱ्याने क्षणाचाही उशीर करून चालत नाही. ती सीट गेली ती गेलीच. आता ते ड्रायव्हिंग शाळेच्या खोलीत बसून भिंतीवरच्या तक्त्यावर नव्या मुलांना रस्त्यावरच्या खुणा दाखवतात.

चष्मेवाल्या बाई घरी भेटायला आल्या. बायकोने त्यांना आत बोलावलं आणि चहा केला. कप पुढे सरकवत बायको म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, आणि मला नव्हतं."

"मी तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी यजमानांची गाडी विकून टाकली होती. "मला जमत नाही हो. स्टिअरिंग धरलं की तो चढ दिसतो."

संशोधनातल्या सिस्टर रागावल्या नाहीत, याचंच मास्तरांना आश्चर्य वाटलं. "तुम्हाला अभ्यासातून काढत नाही आम्ही. ज्यांनी गोळी घेतली नाही तेही मोजायचे असतात. नाहीतर गोळी खरंच किती उपयोगाची ते कळणार कसं? फक्त यापुढे खरं सांगा. भीती वाटली तर भीती वाटते म्हणून सांगा. तेही मी लिहून घेते."

काही दिवसांनी गोळी पुन्हा सुरू झाली. बायको ती टेबलावर ठेवते आणि आत निघून जाते. समोर उभी राहत नाही. मास्तरांना ते ओरडण्यापेक्षा जास्त लागतं. ते गोळी गिळतात, आणि गिळल्यावर थोडा वेळ टेबलाची कड धरून बसतात. भीती काही गेलेली नाही. रस्त्यात कोणी धक्का मारून गेलं तर ते आधी डोकं चाचपून पाहतात.

गेल्या आठवड्यात कपाटाचं दार लागून त्यांच्या दंडावर जांभळा डाग उठला. बघता बघता तळहाताएवढा झाला. पूर्वीचे मास्तर असते तर लांब बाह्यांचा शर्ट घालून निघून गेले असते. ते स्वयंपाकघरात गेले.

"अगं," ते म्हणाले, आणि शब्द शोधत उभे राहिले. "हे... बघ. मला... भी... भीती वाटते."

बायकोने हात पुसले, दंड उजेडाकडे वळवला आणि तिचाही चेहरा उतरला. तिने सिस्टरांना फोन लावला. कधी लागलं, डोक्याला लागलं का, डाग वाढतोय का, अशा प्रश्नांना ती उत्तरं देत गेली. फोन ठेवून तिने पेन आणलं आणि डागाच्या कडेने त्वचेवर रेघ ओढली. रेघेबाहेर गेला तर लगेच यायचं, असं सिस्टरांनी सांगितलं होतं.

मग दोघं त्या दंडाकडे बघत टेबलाशी बसून राहिली. तिने खुर्ची जरा जवळ ओढून घेतली.